नागपूरच्या उन्हाळ्यात चित्रकाराने आपला दिवस कसा आखावा

चित्रकलेवरच ज्याचा चरितार्थ चालतो, त्याला मे महिन्यात सुट्टी घेणे परवडत नाही. म्हणून पारा ४५ अंशांकडे झुकू लागला की कामाच्या वेळा उन्हाकडे पाहून ठरवाव्यात. पहाटे साडेपाचला फुटाळा किंवा अंबाझरी तलावाचा काठ गाठून आठपर्यंत जलरंगातील स्थळचित्र आटोपावे, कारण त्यानंतर रंगाचा वॉश, म्हणजे पाणी घालून केलेला पातळ थर, कागदावर पसरण्याआधीच वाळू लागतो आणि कडा उमटतात. कागद दोन्ही बाजूंनी भिजवून घ्यावा आणि वॉश एरवीपेक्षा अधिक कालवून ठेवावा.

दुपारी घरात तैलरंगाचे काम करावे. उत्तरेकडील खिडकीचा प्रकाश स्थिर असतो, असे आपण शिकतो. परंतु मे-जूनमध्ये सूर्य उत्तरेकडे सरकून उगवत-मावळत असल्याने सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन त्याच खिडकीतून आत येते, तेव्हा तिला पांढरे सुती कापड लावावे. कूलरचा झोत जलरंगाच्या कागदावर येऊ देऊ नये, कारण दमट हवेने कागद फुगतो.

एका बाबतीत मात्र जराही हयगय करू नये. तैलरंगात वापरल्या जाणाऱ्या जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्या कोपऱ्यात ढीग करून न ठेवता पाण्यात बुडवून पत्र्याच्या झाकणबंद डब्यात ठेवाव्यात.

मागणीची व्यक्तिचित्रे दुपारी हाताळावीत. पहाटेचे अडीच तास मात्र स्वतःच्या चित्रासाठीच राखावेत, कितीही निकड असली तरी.