बोटीच्या दुरुस्तीचे बिल अंदाजापेक्षा फार जास्त आले तर

बिल हाती पडताच वाद घालू नये; आधी मजुरीचे तास, सुटे भाग, रंग व रेझिन (फायबरग्लासच्या कामात वापरला जाणारा, घट्ट होणारा चिकट द्रव), बोट पाण्याबाहेर काढण्याचा खर्च आणि यार्डातील जागेचे भाडे यांचा वेगवेगळा तपशील लेखी मागावा व तो मूळ अंदाजपत्रकाशी ताडून पाहावा. वाढ नेहमीच लबाडीची असते असे नाही, कारण लाकडी फळीतील कूज किंवा फायबरग्लासमध्ये मुरलेले पाणी बोट उघडल्याशिवाय बहुधा दिसत नाही; मात्र असे वाढीव काम सुरू करण्यापूर्वी आपली संमती घेतली होती का, हा खरा प्रश्न आहे. काढलेले जुने भाग आणि कामाची छायाचित्रे अवश्य मागावीत. रक्कम मोठी असल्यास स्वतंत्र मरीन सर्व्हेअरकडून, म्हणजे बोटींची पाहणी करणाऱ्या तज्ज्ञाकडून, कामाची तपासणी करून घ्यावी.

पैसे पूर्णपणे अडवून धरणे मात्र क्वचितच फायद्याचे ठरते, कारण अनेक देशांत थकबाकी फिटेपर्यंत बोट ताब्यात ठेवण्याचा हक्क दुरुस्ती करणाऱ्याला असतो आणि दरम्यान जागेचे भाडे वाढतच राहते. म्हणून वादातीत रक्कम लगेच भरावी आणि बोट तातडीने हवी असेल तर उरलेली रक्कम लेखी हरकत नोंदवून भरावी.