पडद्यावरची भुते, करणी आणि प्लँचेट: ख्रिस्ती घराने पारख कशी करावी

जालना, लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर, कुठल्याही ख्रिस्ती घरातील मुलांच्या मोबाईलवर आज भुताचे चित्रपट, जादूगारांच्या कथा, भविष्य सांगणाऱ्या टॅरो पत्त्यांच्या रील आणि राशिभविष्य हे सगळे एकाच ओघात येत असते. पुष्कळ पालक एक तर सरसकट बंदी घालतात, नाही तर काहीच न बोलता सोडून देतात. या दोन्ही मार्गांनी मुलाच्या अंगी पारख येत नाही आणि वसतिगृहात राहायला गेल्यावर त्याला तिचीच गरज पडते. सर्व गोष्टींची पारख करा आणि चांगले ते धरून ठेवा, असे प्रेषित पौलाने थेस्सलनीका येथील ख्रिस्ती मंडळीला लिहिले. ती पारख घरात कशी करावी, हे येथे सांगत आहे.

सुरुवात पालकांनी स्वतः शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, वाचनाने करावी. त्यातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 18 व्या अध्यायात शकुन पाहणे, चेटूक करणे, मंत्र घालणे, मृतांना विचारणे यांना स्पष्ट मनाई आहे आणि ती सर्व मनाई प्रत्यक्ष आचरणाला आहे. त्यानंतर शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा 28 वा अध्याय वाचावा. शौल राजा वेष पालटून रात्री एन-दोर येथील भूतविद्या जाणणाऱ्या स्त्रीकडे जातो, तिने बोलावलेल्या मृत शमुवेलाचे उत्तर ऐकून जमिनीवर आडवा पडतो, दिवसभर आणि रात्रभर अन्न न घेतल्याने त्याच्या अंगात त्राण उरत नाही आणि शेवटी तीच स्त्री वासरू कापून, भाकरी भाजून त्याला खाऊ घालते. शास्त्राने हा प्रसंग लपवलेला नाही, इतक्या जवळून दाखवला आहे. पण तो वाचून कोणालाही एन-दोरला जावेसे वाटत नाही. माझ्या मते खरी कसोटी येथे सापडते. कथेत भूत आहे की नाही यापेक्षा ती कथा पाहणाऱ्याला कुठे नेऊन सोडते, हे पाहावे.

म्हणून मूल जे पाहते ते आधी आपण शेवटपर्यंत पाहावे; केवळ जाहिरात किंवा पोस्टर पाहून मत बनवू नये. पाहताना काही प्रश्न मनाशी ठेवावेत. कथेत वाईटाला वाईट म्हटले आहे का? संकट सुटते ते सत्य, त्याग आणि प्रेम यांमुळे, की अधिक प्रबळ मंत्रामुळे? विधी कसा करावा हे पाहणाऱ्याला शिकवले जाते का? आणि पडदा बंद झाल्यावर मनात कोणाविषयी संशय उरतो? हॅरी पॉटरचे पहिले पुस्तक 1997 साली आले तेव्हापासून त्याबद्दल ख्रिस्ती लोकांत दोन मते आहेत. काहींना त्यात चेटकाचे आकर्षण दिसते, तर काहींना आईच्या त्यागाची आणि मैत्रीची गोष्ट दिसते. दोन्ही बाजूंना प्रामाणिक विश्वासी माणसे आहेत आणि एकाने दुसऱ्याच्या विश्वासावर शंका घेऊ नये. मला स्वतःला कल्पित शाळेतील जादूच्या छडीपेक्षा त्या रीलची अधिक काळजी वाटते, जी चौदा वर्षांच्या मुलीला थेट सांगते की हा पत्ता आज तुझ्यासाठीच निघाला आहे. छडी कथेतच राहते, पण रील प्रत्यक्ष कृतीचे आमंत्रण देते.

आपल्या मराठवाड्यात याहून गंभीर गोष्ट भानामतीची आहे. कपडे आपोआप पेटणे, अंगावर फुल्या उमटणे, बायकांनी विचित्र आवाज काढणे अशा गोष्टी येथील गावागावांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या आणि त्यांचा ठपका बहुधा एखाद्या एकट्या राहणाऱ्या बाईवर किंवा भाऊबंदकीतल्या घरावर ठेवला गेला. मालिकेतील जाऊ किंवा शेजारीण उशीखाली लिंबू, बाहुली ठेवून करणी करते, असे रोज रात्री पाहणाऱ्या घरात म्हैस आटली किंवा पोर आजारी पडले की नजर कुठे वळते, ते सांगायला नको. अशी मालिका घरात चालू असेल तर तिच्याबद्दल मोठ्याने बोलावे. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा मुलांना येथेच समजावून द्यावी, कारण करणीचा आरोप ही साक्ष कोणीही तपासू शकत नाही. या पापातून ख्रिस्ती समाजही सुटलेला नाही. 1980 च्या दशकात अमेरिकेत सैतानपूजकांच्या गुप्त टोळ्यांविषयी मोठी घबराट पसरली; त्याच घबराटीत उभा राहिलेला कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन बालवाडीचा खटला अनेक वर्षे चालून 1990 साली संपला, तेव्हा एकही आरोपी दोषी ठरला नव्हता. त्या घबराटीला खतपाणी घालणाऱ्यांत ख्रिस्ती प्रचारकही होते.

प्लँचेटबद्दल विचारणा झाली तर टाळाटाळ करू नये. वसतिगृहात कागदावर अक्षरे मांडून, नाणे किंवा वाटी उलटी ठेवून, त्यावर बोटे टेकवून मुले आत्म्याला बोलावतात आणि नाणे खरोखर सरकते. अमेरिकेत अशाच प्रकारच्या पाटीचे पेटंट 1891 साली घेतले गेले आणि ती खेळणे म्हणून विकली गेली. नाणे का सरकते, याचे उत्तर त्याहून जुने आहे. मायकेल फॅरेडे हा थोर शास्त्रज्ञ आपल्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचा निष्ठावान सभासद होता. युरोपात टेबल फिरवून आत्म्यांशी बोलण्याचे वेड पसरले तेव्हा 1853 साली त्याने प्रयोगाने दाखवून दिले की बसलेल्या माणसांचे हातच, त्यांच्या नकळत, टेबल ढकलत असतात. मुलांना हे सांगितले की निम्मी भीती तेथेच जाते. मग ‘करून पाहायला काय हरकत आहे’ असे कोणी म्हटले, तर यशयाच्या 8 व्या अध्यायातील प्रश्न पुढे ठेवावा: जिवंतांसाठी मृतांना का विचारावे? नाणे हाताने सरकत असले तरी विचारणाऱ्याचे मन देवाला सोडून दुसरीकडे वळलेले असते आणि मनाई त्या वळण्यालाच आहे.

मुलाने असे काही केले असल्याचे कळल्यास ओरडण्याआधी एवढेच विचारावे की त्याने कोणाला बोलावले आणि काय विचारले. उत्तर बहुधा परीक्षेविषयीचे असते, नाही तर वारलेल्या आजीविषयीचे. आजीविषयीचे असेल तर तो शोक आहे आणि शोकाला वाट करून द्यायला हवी. अनेक कुटुंबे 2 नोव्हेंबरला कबरस्थानात जाऊन कबर झाडतात, फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. त्या कामात मुलाला सोबत घ्यावे आणि आजीबद्दल त्याला बोलू द्यावे. मृतांसाठी प्रार्थना करावी की नाही यावर कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट मंडळ्यांचे मत वेगळे आहे, पण मृतांकडून सल्ला घेऊ नये यावर दोन्हींचे एकमत आहे.

राशिभविष्य, टॅरो आणि आकड्यांच्या शुभाशुभाच्या रील यांचा उपाय सोपा आहे. त्या पाहत राहिल्याने आणखी येतात; म्हणून मुलाच्या शेजारी बसून प्रत्येक वेळी ‘यात रस नाही’ हा पर्याय त्यालाच दाबायला लावावा.

हीच कसोटी आपल्या स्वतःच्या व्हिडिओंनाही लावावी, हे मी आग्रहाने सांगतो. भुते काढण्याच्या सभांचे व्हिडिओ ख्रिस्ती घरांत भक्तीच्या नावाने पाहिले जातात. त्यांत ओरडणे, लोळणे आणि भुताच्या मुलाखतीच अधिक असतात. फिलिप्पै येथे पौलाने दैवप्रश्न सांगणाऱ्या दासीला सोडवले ते एका वाक्यात, आणि त्यामुळे तिच्या धन्यांची कमाई बुडाली, असे प्रेषितांच्या कृत्यांच्या 16 व्या अध्यायात आहे. तमाशा तेथे नव्हता. महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साखळीने बांधणे, तसेच साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर वैद्यकीय उपचार रोखणे हे गुन्हे ठरवतो आणि त्यासाठी सहा महिने ते सात वर्षे कैदेची तरतूद करतो. प्रार्थनेच्या नावाने असे करणाऱ्यालाही तो लागू आहे आणि तो असावा, असेच माझे मत आहे.

काय पाहावे हे ठरवताना सोबत कोण बसले आहे, याचाही विचार करावा. ज्या घरात वर्षानुवर्षे उतारे, गंडेदोरे आणि देवरषी होते तेथून आलेल्या नव्या विश्वासी माणसाला भुताचा साधा चित्रपटही जुन्या भीतीत ढकलू शकतो. मूर्तीला दाखवलेल्या अन्नाबद्दल करिंथ येथील मंडळीला पौलाने जे लिहिले तेच येथे लागू पडते: मला मोकळीक असली तरी माझ्या भावाला ठेच लागत असेल तर मी थांबावे. मात्र दुसऱ्याच्या घरातील पुस्तके किंवा वस्तू जाळायला निघू नये. इफिस येथे पन्नास हजार चांदीच्या नाण्यांच्या किमतीची जादूची पुस्तके जाळली गेली, ती लोकांनी आपली आपण आणून जाळली होती.

चित्रपट पाहून मूल रात्री घाबरत असेल तर ‘विश्वास कमी पडला’ असे त्याला कधीही म्हणू नये. दिवा चालू ठेवावा, जवळ बसावे, 91 वे स्तोत्र हळू आवाजात वाचावे आणि असले चित्रपट काही काळ पूर्ण बंद ठेवावेत. भीती आठवड्यामागून आठवडे टिकली, झोप आणि जेवण सुटले, किंवा कोणी दिसते, कानात बोलते असे मूल सांगू लागले, तर पाळकांना कळवावेच. पण त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात न्यावे किंवा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर फोन करावा, आणि डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर त्या प्रार्थनेसोबत, त्यांनी सांगितले तेवढे दिवस, न चुकवता द्याव्यात.