सह्याद्रीत कोळी ओळखताना या चुका टाळा

पाऊस सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात, आंबोली काय, ताम्हिणी काय, वाटेवर दर चार पावलांवर जाळं तोंडावर येतं. मग फोटो निघतात, ग्रुपवर पडतात आणि दोन मिनिटांत कुणीतरी नाव ठोकून देतं. निम्मा घोळ इथूनच सुरू होतो.

सगळ्यात मोठी चूक रंगावर जाण्याची. एकाच जातीतली मादी पिवळी, दुसरी काळपट, पिल्लू भलतंच, असं सर्रास असतं. नर-मादीतला फरक तर विचारूच नका. नेफिला पिलिपेस, म्हणजे सोनेरी धाग्याचं भलंमोठं जाळं विणणारा जायंट वूड स्पायडर, घ्या. जाळ्याच्या मध्यावर दिसते ती तळहाताएवढा पायांचा पसारा असलेली मादी. नर जेमतेम अर्ध्या सेंटीमीटरचा, तांबूस, कडेला कुठेतरी चिकटलेला. त्याच जाळ्यात चांदीच्या थेंबासारखे चमकणारे इवलेसे कोळीही असतात. त्यांना बेधडक ‘पिल्लं’ म्हटलं जातं. ते आर्गायरोडीस, वेगळ्याच कुळातले, आयत्या जाळ्यातलं भक्ष्य लांबवणारे चोर.

रंगाऐवजी आधी डोळ्यांची मांडणी बघा. समोर दोन मोटारीच्या दिव्यांसारखे टपोरे डोळे असतील तर तो उड्या मारणारा कोळी, सॅल्टिसिडी कुळातला. सहा हजारांवर जाती असलेलं हे कोळ्यांमधलं सर्वांत मोठं कूळ. दुसरी खूण अंड्यांची पिशवी. लांडगा कोळ्याची मादी ती पोटाच्या टोकाला, धागे सुटतात तिथे बांधून फिरते आणि पुढे पिल्लं पाठीवर घेते. पिसॉरिडी कुळातली मादी पिशवी जबड्यात धरते. एवढं नीट दिसलं तरी कूळ बऱ्याचदा पक्कं होतं.

आंब्याची पानं शिवून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्यांजवळ एखादी ‘मुंगी’ डिवचल्यावर धाग्याला लटकून खाली सुटली, तर पाय मोजा. आठ भरले की तो मुंगीचं सोंग घेतलेला कोळी.

फक्त दिवसा फिरणं हीसुद्धा चूकच. निओस्कोनासारखे कितीतरी कोळी संध्याकाळी जाळं बांधतात आणि उजाडायच्या आत गुंडाळतात. रात्री टॉर्च डोळ्यांच्या रेषेत धरून गवतावर फिरवा. लांडगा कोळ्यांचे डोळे चमकतात.

जंगलातच जायला हवं असंही नाही. २६/११ ला कसाबला धरून ठेवताना हुतात्मा झालेले तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलेली ‘इसियस तुकारामी’ ही जात २०२१ मध्ये जाहीर झाली, आणि ती सापडली ठाणे-कल्याण भागात!

फोटोवरून ओळख सांगणारं अ‍ॅप सुचवेल ते नाव डोळे मिटून घेऊ नका. ते बिनदिक्कत अमेरिकेतली जात पुढे करतं. ती भारतात नोंदलेली आहे का, एवढं तरी तपासा. फोटो एकच, तोही पाठीचा, असेल तर तज्ज्ञही हात टेकतो. वरून, समोरून, शक्य तर पोटाकडून, आणि अख्खं जाळं, असे चार फोटो घ्या; सोबत तारीख, ठिकाण, झाड.

तरीही कित्येकदा जात सांगता येत नाही. नराचे स्पर्शक (तोंडाजवळचे पायांसारखे दोन अवयव) आणि मादीचा जननभाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय अनेक जाती वेगळ्या काढता येत नाहीत, आणि अपूर्ण वाढलेल्या कोळ्यात हे अवयव तयारच झालेले नसतात. अशा वेळी नोंदीत नुसतं कूळ किंवा प्रजाती (जातीच्या वरचा गट, जीनस) लिहून थांबा.