कूलर काढाल तेव्हा मोबाईलही तपासा

होळी झाली की नागपुरात कूलर बाहेर निघतात, ताट्या बदलल्या जातात, टाकी घासली जाते. त्याच दिवशी अर्धा तास मोबाईललाही द्या, अवकाळी वादळाचे इशारे त्यावर नीट येतात ना ते बघायला. मार्च ते मे नुसतं ऊनच पडतं असं थोडंच आहे? बंगालच्या उपसागरावरून आलेलं बाष्प आणि वायव्येकडची कोरडी हवा विदर्भावर भिडली की तापलेल्या दुपारी बघता बघता ढग चढतात. मग वावधान, विजा, एखाद्या दिवशी गारा. कुणाच्या तरी टिना उडतात आणि झाडावरचा मृग बहाराचा संत्रा खाली येतो.

पहिलं काम म्हणजे इशारा घरात कोण वाचणार, हे ठरवणं. आमच्याकडे मागच्या एप्रिलमध्ये बाबांच्या फोनवर तो दुपारीच येऊन पडला होता. फोन शर्टाच्या खिशात, शर्ट खुंटीला, बाबा झोपलेले आणि आई स्लॅबवर मुंगवड्या उलटवत होती. पहिला गडगडाट झाला तेव्हा कुठे सगळे धावले, तेही वरच, वाळवण गोळा करायला. तेव्हापासून नियम केला: ज्याच्या फोनवर येईल त्याने मोठ्याने ओरडून सांगायचं. वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे बटणांचा फोन आहे, त्यांना बेल वाजवून सांगायचं.

आता बातमी कुठून घ्यायची ते. टीव्हीवरचा ‘राज्यात पाऊस’ बरेचदा मुंबई-कोकणाचा असतो, आपल्या कामाचा नाही. विदर्भाचा अंदाज सोनेगावच्या विमानतळाजवळचं प्रादेशिक हवामान केंद्र देतं, तेच पान फोनमध्ये जपून ठेवा. सकाळी जिल्ह्याचा रंग बघा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हातातलं काम टाकून सुरक्षित जागी जा. पण रंग अख्ख्या जिल्ह्याचा असतो. काटोल-नरखेडला गारा पडतात आणि धरमपेठेत लख्ख ऊन असतं. म्हणून दुपारनंतर ‘नाऊकास्ट’ बघायचं, ते पुढच्या तीन तासांपुरतं असतं. उष्णतेच्या लाटेचे इशारेही हेच केंद्र देतं, त्यामुळे मे महिन्यातही ते पान उघडत राहा.

विजेसाठी ‘दामिनी’ ॲप घ्या. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने बनवलेलं हे ॲप आसपास 20 आणि 40 किलोमीटरच्या टापूत वीज पडत असली की सूचना देतं. मात्र लोकेशन बंद असेल किंवा फोनच्या बॅटरी बचतीने ॲपला झोपवलं असेल, तर ते गप्प राहतं. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ घ्या, त्यात भाषा मराठी निवडा. फोनच्या सेटिंगमध्ये आपत्कालीन सूचना चालू आहेत ना, तेही पाहा. सप्टेंबर 2023मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, ते रात्रीच्या पावसाने, लोक झोपेत असताना. तो अवकाळी नव्हता, पण रात्री सगळ्या घराचे फोन सायलेंटवर ठेवायचे नाहीत एवढं आम्ही तेव्हापासून पाळतो.

व्हॉट्सॲपवर फिरणारं पत्रक आलं तर आधी त्यावरची तारीख आणि वेळ वाचा. गेल्या वर्षीची गारपीट दरवर्षी नव्याने पडत असते!

वादळात लाइन जाते, कधी नेटही जातं. पॉवर बँक भरलेली, टॉर्च हाताशी आणि आकाशवाणी नागपूर लागतं असा सेलवरचा रेडिओ, एवढं एका पिशवीत असू द्या. फ्रिजवर कागद चिकटवा: तातडीच्या मदतीला 112, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला 1077, तुटलेल्या तारेसाठी किंवा लाइनीसाठी 1912.

आणि फोनच बंद पडला तर? वीज चमकली की मोजायला लागा. आवाज यायला साधारण तीन सेकंद लागले तर वीज एक किलोमीटरवर आहे. तीस सेकंदांच्या आत गडगडलं तर स्लॅबवर जायचं नाही, कुरडया भिजल्या तर भिजू द्या. झाडाखाली थांबायचं नाही, नळ-भांडी नंतर. कूलरचं बटण आधीच बंद करून पिन काढून ठेवा. पत्र्याच्या कूलरला ओल्या हाताने शिवायची चूक तर एरवीही नको. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास घरातच थांबा. मग बाहेर जाऊन खिडकीबाहेरच्या कूलरचा स्टँड हलला का, वायर कुठे सोलली का ते बघा, आणि मगच पिन लावा.