नाव न घालता तक्रार करायची तर

परळला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. पॅन कार्ड, गुमास्ता, शाळेचे दाखले, असली कामं. मधूनच कुणीतरी स्टूल जवळ ओढून हळूच विचारतं, "काका, नाव न टाकता तक्रार करता येते का हो? पोलिसाची आहे." येते. पण फॉर्म उघडायच्या आधी आठवडाभराचं काम असतं आणि ते बहुतेक वहीतलं असतं. ते न करता घातलेली निनावी तक्रार एकतर केराच्या टोपलीत जाते, नाहीतर फिरत फिरत ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याच टेबलावर.

सगळ्यात आधी एक प्रश्न स्वतःला विचारा: हे पाहिलेला माणूस मी एकटाच आहे का? समजा पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनला बोलावलं आणि चहापाण्याचे पैसे मागितले. तुम्ही नाव घातलं नाही, पण तारीख, वेळ आणि टेबल लिहिलं. त्या सकाळी त्या टेबलावर तुमचीच फाइल होती. झालं की मग नाव! अशा एकेरी प्रसंगाला निनावीपण नसतंच, हे आधीच मान्य करून दुसरी वाट धरा. ती पुढे सांगतो. निनावी तक्रार शोभते ती रोज, दर आठवड्याला, दहा जणांच्या बाबतीत घडणाऱ्या गोष्टीला. फेरीवाल्यांचा हफ्ता, नाक्यावर पावती न फाडता सोडलेले टेम्पो, अनधिकृत मजल्याकडे काणाडोळा करणारा वॉर्डातला साहेब.

मग वही घ्या. कागदाची. तारीख, वार, वेळ, जागा, कोण आलं, काय बोललं. नाव ठाऊक नसेल तर बक्कल नंबर, गाडीचा नंबर, नेमप्लेटवरची दोन अक्षरं. जे स्वतः पाहिलं ते एका पानावर, जे ऐकलं ते दुसऱ्या. हा फरक फार कमी लोक करतात, आणि चौकशी करणारा नेमका तिथेच तक्रार सोडून देतो. 'सगळे खातात' हे वाक्य तुम्हाला कितीही खरं वाटलं तरी वहीत नको. त्याची पडताळणी कशी करणार? 'दर गुरुवारी साडेसहा ते सातच्या दरम्यान, पुलाखाली, बिनयुनिफॉर्मचा माणूस, निळी स्कूटर' याची मात्र कुणीही करू शकतं, तुम्हाला न विचारता. तक्रार अशीच लिहायची, की तुम्ही नसलात तरी ती आपल्या पायावर उभी राहील.

मजकूर झाला की तो ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्या डोळ्यांनी वाचा. त्याला तुमची ओळख कुठे पटेल? तुमच्या गाडीवर झालेलं पहिल्या ओळीत असेल तर ते मधे कुठेतरी न्या, नाहीतर काढूनच टाका. नेहमीची बोलायची लकबही उघडं पाडते. एक गृहस्थ प्रत्येक अर्जात 'सविनय निदर्शनास आणून देतो की' लिहायचे आणि अख्ख्या वॉर्ड ऑफिसला ते वाक्य पाठ होतं. निनावी पत्रातही त्यांनी तेच लिहिलं.

फोटो-व्हिडिओचं प्रकरण जरा सावकाश वाचा. फोटोच्या पोटात वेळ आणि फोनचं मॉडेल जाऊन बसतं, आणि कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर जागाही. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आकसतो आणि त्यातली ही माहिती गळते. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर सगळं जसंच्या तसं जातं. स्क्रीनशॉटमध्ये वरच्या पट्टीवर आलेल्या मेसेजचं नाव दिसतं. फोनमधल्या हायलायटरने फासलेला काळा रंग कधी कधी ब्राइटनेस वाढवला की आरपार दिसतो, म्हणून तेवढा भाग कापूनच टाका. पण मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती कोनाची. चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरून गजाआडून काढलेला व्हिडिओ असेल, तर रस्त्यावर उभं राहून वर पाहिलं की तो तीन खोल्यांपैकी कुठल्या एकीतला ते कळतं. मागे कुकरची शिट्टी आणि 'बाबा, चहा' हेही ऐकू येतं. असा व्हिडिओ पाठवू नका. त्यातलं पाहून लिहून द्या आणि मूळ फाइल हात न लावता पेन ड्राइव्हवर, घराबाहेर कुठेतरी ठेवा. पुढे कोर्टात जायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही द्यावी लागते, म्हणजे फाइलचा आकड्या-अक्षरांतला ठसा, फाइल जराही बदलली की तोही बदलतो. छाटलेली प्रत तिथे चालत नाही.

प्रसंग पोलीस ठाण्याच्या आतला असेल तर वेळ मिनिटापर्यंत नोंदवा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही बसवायला सांगितलं. चित्रण 18 महिने, तेवढी सोय नसेल तर निदान वर्षभर जपायचं. तक्रारीत 'अमुक तारखेचं, अमुक वेळचं ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोरचं चित्रण राखून ठेवावं' असं स्वच्छ लिहिलं, तर कॅमेरा बंद होता की चालू याचं उत्तर कुणालातरी द्यावं लागतं.

आता यंत्रं. सरकारी पोर्टलवर बहुतेक ठिकाणी मोबाइल नंबर आणि ओटीपी लागतो, आणि सिम तुमच्या ओळखपत्रावर घेतलेलं असतं, म्हणजे ती तक्रार निनावी नव्हेच. ऑफिसचं वायफाय वापरू नका, ऑफिसच्या प्रिंटरवर कागदही काढू नका. "काका, तुमच्याच कॉम्प्युटरवरून पाठवतो," असंही म्हणू नका. सायबर कॅफेला 2011 च्या नियमांनुसार ओळखपत्र पाहून नोंद ठेवावी लागते, ती वर्षभर. व्हीपीएनवरही, म्हणजे इंटरनेटवरचा तुमचा पत्ता झाकणाऱ्या सेवेवरही, डोळे मिटून भिस्त ठेवू नका. केंद्राची सायबर सुरक्षेची संस्था सर्ट-इन, तिच्या एप्रिल 2022 च्या आदेशानुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती 5 वर्षं ठेवायची आहे. काही कंपन्यांनी त्यापायी भारतातले सर्व्हरच हलवले. टॉर ब्राउझर (तुम्ही कुठून आलात ते लपवणारा) आणि नवा, दुसऱ्या कशाशीही न जोडलेला ईमेल, एवढं पुष्कळ आहे. खरं तर हवालदार तुमचा आयपी पत्ता काढत बसत नाही. तो टपरीवर विचारतो, 'कोण फार बोलत होतं रे?' म्हणून घरात एकाला सांगा. सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका.

पाठवायचं कुठे, यावर अर्धं काम अवलंबून असतं. ठाण्याविरुद्धची तक्रार त्याच ठाण्यात देऊ नये हे सांगायला नको. मुंबईत वर एसीपी असतात, त्यांच्या वर परिमंडळाचे डीसीपी, आणि पार वर क्रॉफर्ड मार्केटला आयुक्तालय. दोन ठिकाणी पाठवा, वीस ठिकाणी नको. कोठडीतली मारहाण, बेकायदा डांबणं, खंडणी, घर बळकावणं असं गंभीर असेल तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, पण तिथे सहसा नावानिशी तक्रारदार लागतो.

लाच मागितली आहे आणि अजून दिलेली नाही, ही मघाची दुसरी वाट. इथे निनावीपणाचा मोह सोडा आणि 1064 लावा. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा सापळा तक्रारदाराशिवाय लागत नाही. आधी पंचांसमोर मागणीची पडताळणी होते, मग पावडर लावलेल्या नोटा. उद्या कोर्टात साक्षही द्यावी लागेल, हे घरी बोलून ठेवा. पैसे नाइलाजाने देऊन बसला असाल तर दिवस मोजा: 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, पण जबरदस्तीने द्यावी लागली आणि 7 दिवसांत कळवलं तर नाही.

रेल्वे, कस्टम, पोर्ट ऑथॉरिटीसारख्या केंद्राच्या खात्यांसाठी केंद्रीय दक्षता आयोगाकडे बंद पाकिटातून तक्रार पाठवता येते. पाकिटावर नाव नाही, आत मात्र हवंच. आयोग निनावी पत्र घेत नाही, उलट तुमचं नाव गुप्त ठेवतो आणि त्यासाठी पोचसुद्धा देत नाही. ही सोय 2004 साली आली, सत्येंद्र दुबे गेल्यावर. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातल्या या इंजिनिअरने नाव गुप्त ठेवा अशी विनंती करून पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं होतं. पत्र नावासकट टेबलामागून टेबल फिरलं, आणि 27 नोव्हेंबर 2003 ला गयेत त्यांचा खून झाला. जागल्यांना, म्हणजे आतला भ्रष्टाचार उघड करणाऱ्यांना, संरक्षण देणारा कायदा 2014 मध्ये मंजूर झाला तो अजून लागू व्हायचाच आहे. तेव्हा 'नाव गुप्त ठेवलं जाईल' या ओळीवर किती विसंबायचं ते ज्याने त्याने ठरवावं.

पाठवल्यावर टोकन नंबर वहीत लिहा आणि काही दिवस गप्प बसा. रोज जाऊन स्टेटस पाहू नका.

आमच्या गल्लीतल्या फळवाल्या मावशींनी असंच सगळं केलं होतं. दोन महिन्यांची वही, स्वतःच्या गाडीचा एक शब्द नाही. तीन आठवड्यांनी गुरुवारचा माणूस यायचा थांबला. परवा त्या दुकानात आल्या आणि नवी वही मागितली.

"आता काय मावशी?"

"शुक्रवारी येतोय. स्कूटर लाल आहे."