डिस्ने वर्ल्डला जाताना हॉटेलआधी ताटाचा विचार करा

ऑरलँडोच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला जायचं ठरलं की घरात चर्चा सुरू होते ती राइड्सची आणि हॉटेलच्या स्विमिंग पूलची. ज्यांच्या घरात खाण्याचं काही ना काही बंधन आहे, त्यांनी मात्र सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करावी. सकाळी साडेसहाला आणि रात्री दहानंतर घरातल्या प्रत्येकाच्या ताटात काय असेल, ते आधी कागदावर लिहून काढा. दुपारचं जेवण पार्कात कुठे ना कुठे निभतं. अडतं ते या दोन वेळांना, आणि या दोन्ही वेळा सर्वस्वी हॉटेलवर अवलंबून असतात.

आमच्या घरची यादी सांगते. लेकीला शेंगदाणा, काजू आणि पिस्ता यांची तीव्र ॲलर्जी. सासूबाई पक्क्या शाकाहारी, अंडंही चालत नाही, आणि संकष्टी-एकादशी न चुकता. सासऱ्यांना मधुमेह. उपासाच्या पदार्थांत दाण्याचं कूट हवंच, आणि नेमकं तेच आमच्या घरात येऊ शकत नाही. एवढं सगळं सांभाळून अटलांटाहून गाडीने ऑरलँडोला जायचं म्हणजे तयारी लागते, पण सहल सगळ्यांना मनापासून उपभोगता येते, हे मी खात्रीने सांगते.

पहिली गोष्ट: ॲलर्जी वेगळी आणि नेम वेगळा. हॉटेलात दोन्ही एका दमात सांगू नका. ॲलर्जी म्हटलं की तिथला शेफ नुसते घटक पाहत नाही. भांडी, तळणीचं तेल, कापण्याचा पाट, सगळं तपासतो आणि शंका असेल तर पदार्थ द्यायला नकार देतो. सासूबाईंना अंडं चालत नाही ते श्रद्धेपोटी. त्याला ॲलर्जी म्हणालात तर त्यांना सहज चालले असते असे चार पदार्थ उगाच बाद होतात. आणि अशा सवयीने खऱ्या ॲलर्जीचं गांभीर्य स्वयंपाकघरात कमी होतं, ज्याची किंमत दुसऱ्या कुणाचं तरी मूल मोजतं. मी आधी लेकीचं सांगते, त्यावर उत्तर मिळेपर्यंत थांबते, आणि मग सासूबाईंचं.

हॉटेल निवडताना

डिस्नेची हॉटेलं ढोबळमानाने स्वस्त, मध्यम आणि महाग अशा गटांत मोडतात, पण आपल्यासाठी खरी वाटणी स्वयंपाकघराची आहे. ऑल-स्टार, पॉप सेंच्युरी यांसारख्या स्वस्त हॉटेलांच्या साध्या खोलीत छोटा फ्रिज आणि कॉफीचं यंत्र मिळतं. मायक्रोवेव्ह हवा तर खाली फूड कोर्टात जावं लागतं. आर्ट ऑफ ॲनिमेशनच्या फॅमिली सूटमध्ये मायक्रोवेव्ह खोलीतच असतो, त्यामुळे कमी खर्चात लहान मुलांसकट जाणाऱ्यांना ती निवड चांगली. डिलक्स व्हिला नावाच्या प्रकारात स्टुडिओ घेतलात तर मायक्रोवेव्ह, टोस्टर आणि छोटा फ्रिज. एक बेडरूमचा घेतलात तर शेगडी, ओव्हन, मोठा फ्रिज आणि भांड्यांसकट पूर्ण स्वयंपाकघर. फोर्ट विल्डरनेसच्या केबिनमध्येही स्वयंपाकघर आहे, पण तो परिसर इतका पसरलेला आहे की आधी आतली बस पकडून मग पार्ककडे निघायचं. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांना मी तिथे नेणार नाही.

आणखी एक मार्ग म्हणजे डिस्नेशेजारच्या किसिमी गावात अख्खं घर भाड्याने घेणं. दोन-तीन कुटुंबं मिळून जाणार असतील तर पैशाच्या हिशेबात याला तोड नाही. मात्र रोजचं गाडी चालवणं आणि पार्किंग आलं, आणि दुपारी घरी येऊन जेवून परत जाणं बहुधा जमत नाही. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना पार्क रोज अर्धा तास आधी खुला होतो, तोही फायदा जातो.

माझं मत विचाराल तर पथ्य कडक असेल तेव्हा खोली लहान घ्या, दिवस कमी करा, पण स्वयंपाकघर सोडू नका. आणि जमलं तर पार्कला पायी जाता येईल असं हॉटेल घ्या. कंटेम्पररी आणि त्याला लागून असलेला बे लेक टॉवर इथून मॅजिक किंग्डम पार्कला चालत जाता येतं. बीच क्लब आणि बोर्डवॉकहून एपकॉट पार्कचं मागचं दार पायी गाठता येतं. दुपारी बाराला खोलीवर यायचं, वरणभात खायचा, सासऱ्यांनी औषध घेऊन तासभर पडायचं आणि चारला पुन्हा पार्कात. ही ठिकाणं महाग आहेत हे खरं. डिस्ने व्हेकेशन क्लब ही मुक्कामाची सभासद योजना आहे, आणि तिचे सभासद आपले मुक्कामाचे पॉइंट भाड्याने देतात. त्या वाटेने हेच व्हिला पुष्कळ कमी पैशांत पडू शकतात, पण अशी बुकिंगं सहसा रद्द करता येत नाहीत, तेव्हा तारखा पक्क्या असतील तरच.

व्हिलात भांडी असतात म्हणून निर्धास्त राहू नका. नॉनस्टिक तव्याच्या चऱ्यांत, लाकडी उलथन्यात आणि टोस्टरच्या तळाच्या चुऱ्यात आधीच्या पाहुण्यांचं पीनट बटर असू शकतं. त्याच तव्यावर बेकन, म्हणजे डुकराचं मांसही परतलेलं असू शकतं, म्हणजे सासूबाईंचाही प्रश्न आलाच. आमच्या गाडीत एक पिशवी यासाठीच असते: तवा, तीन लिटरचा कुकर, एक पातेलं, सुरी, कापायचा पाट, नवा स्पंज आणि ओट्यावर अंथरायला ॲल्युमिनियमचा कागद. टोस्टर मी बाजूला कपाटातच ठेवून देते. फोडणी घरूनच करून नेते, हिंग-मोहरी-हळद-कढीपत्त्याची, गार करून घट्ट झाकणाच्या बरणीत. तिथे करायची झालीच तर आधी शेगडीवरचा पंखा लावा, आच मंद ठेवा, मिरची नंतर घाला. धूर झाला की वाजणारा भोंगा छतालाच असतो. साध्या खोलीत इंडक्शन शेगडी किंवा राइस कुकर लावायला मात्र हॉटेलं मनाई करतात, तो विचारच नको.

दूध, दही, भाजी हॉटेलवर मागवता येते. डिलिव्हरी स्वागतकक्षाकडे येते आणि ते ठेवून घेतात. डाळ-तांदूळ, वरई, राजगिऱ्याचं पीठ लागलं तर साउथ ऑरेंज ब्लॉसम ट्रेल या रस्त्यावर भारतीय किराणा मिळतो.

टेबल राखताना आणि टेबलावर

डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना येण्याच्या ६० दिवस आधी मुक्कामाच्या १० दिवसांपर्यंतची सगळी टेबलं एकदम राखता येतात. त्या दिवशी पहाटे उठून बसा. राखताना ॲलर्जी नोंदवायची सोय आहे, ती नोंद कराच, पण नोंदीवर विसंबून राहू नका. टेबलावर बसल्यावर तोंडी पुन्हा सांगा. डिस्नेच्या बहुतेक उपाहारगृहांत ॲलर्जीचं वेगळं मेनूकार्ड असतं: गहू-ग्लूटेन, दूध, अंडं, शेंगदाणा व काजू-पिस्त्यासारखा सुकामेवा, सोया, तीळ, मासे, शिंपले-कोळंबी असे भाग पाडलेले. त्याला ते ‘ॲलर्जी-फ्रेंडली’ म्हणतात. हमी देत नाहीत, कारण स्वयंपाकघर एकच असतं. तेवढा धोका कुटुंबाने डॉक्टरांशी बोलून आधीच ठरवून ठेवायचा असतो.

तळलेल्या पदार्थांसाठी एकच प्रश्न: ही कढई कशाकशासाठी वापरता? फ्राइजच्या तेलात कोळंबी किंवा चिकन तळत असतील तर ते सासूबाईंनाही नको. बुफेत चमचे इकडचे तिकडे होतात, म्हणून ॲलर्जी असेल तर बुफेतलं काही न घेता आतून ताजं ताट मागायचं; विनंती केली की बहुतेकदा करून देतात.

शाकाहाऱ्यांनी तिथल्या हिरव्या पानाच्या खुणेकडे लक्ष द्या. २०१९ पासून डिस्ने ती वापरतं, आणि तिचा अर्थ मांस, मासे, दूध, अंडी, मध यांपैकी काहीही नाही. आपल्याला दूध चालतं, पण अंडं टाळायला ही खूण सगळ्यात भरवशाची. नुसतं व्हेजिटेरियन म्हणालात तर अंडं चालतं असं गृहीत धरलं जातं. आणि लपलेल्या गोष्टी विचारा: भातात चिकनचा स्टॉक, राजम्यासारख्या वाटलेल्या बीन्समध्ये डुकराची चरबी, सीझर सॅलडमध्ये अँकोव्ही मासा, आशियाई पदार्थांत फिश सॉस, मार्शमेलोत जिलेटिन. मिकीच्या आकाराची ती चुरमुऱ्यांची गोड वडी मार्शमेलोची असते. नातवंडं आजीला घास भरवायला निघाली की आठवण ठेवा.

आता नावं. ॲनिमल किंग्डम लॉजच्या किदानी व्हिलेज भागात सना नावाचं उपाहारगृह आहे, आफ्रिकी आणि भारतीय चवींचं. तिथली ‘ब्रेड सर्व्हिस’ म्हणजे नान, कुलचा, पराठा अशा पाच प्रकारच्या पोळ्या आणि सोबत नऊ वाट्या: काकडीचं रायतं, चिंचेची चटणी, कोथिंबिरीची चटणी, आंब्याची चटणी, लसणाचं लोणचं वगैरे. खिडकीबाहेर जिराफ चरत असतात. सासूबाई तिथे तासभर बसल्या, आणि परदेशात आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी वाटी पुन्हा मागून घेतली. पण भारतीय नावं वाचून सैल होऊ नका. नानच्या पिठात अंडं आहे का, चटणीत काजू आहे का, हे प्रत्येक वाटीचं बोट दाखवून विचारायचं. आम्ही विचारलं तेव्हा शेफ स्वतः बाहेर आले, लेकीच्या उंचीला वाकले आणि तिच्याशीच बोलले. तिच्या वाट्या वेगळ्या ट्रेमधून आणल्या. हे लॉज बाकी पार्कांपासून दूर आहे आणि डिस्नेच्या वाहनांपैकी तिथे फक्त बसच जाते, तेव्हा एका संध्याकाळपुरतं जा.

ॲनिमल किंग्डम पार्कात पँडोरा भागातलं सातुली कँटीन मला पार्कांमधलं सगळ्यात सोयीचं ठिकाण वाटतं. वाडग्यात तळाला काय, वर काय, सॉस कोणता हे आपण ठरवायचं. टोफूचा वाडगा आहे, आणि घटक सुटे असल्यामुळे विचारणं सोपं जातं. मॅजिक किंग्डममध्ये अलोहा आइलचं अननसाचं डोल व्हिप, म्हणजे आइस्क्रीमसारखा गार पदार्थ, दुधाविना असतं. डिस्ने स्प्रिंग्ज या खरेदी-खाण्याच्या भागात एरिन मॅकेनाज बेकरी आहे, तिथे सगळंच ग्लूटेनविना आणि व्हीगन. अंडं न खाणाऱ्या आजीला नातीच्या वाढदिवसाचा केक खाता येतो तो इथलाच. मात्र व्हीगन बेकरीत काजू-बदामाचा वापर असू शकतो, तेव्हा शेंगदाणा-काजूवाल्यांनी इथेही विचारूनच. तिथेच मनीत चौहान या शेफचं भारतीय वळणाचं ‘ईट’ आहे.

घाईच्या काउंटरवर डिस्नेच्या ॲपमधून ऑर्डर करताना ॲलर्जीचा मेनू निवडता येतो. घेताना ताटावर ॲलर्जीची खूण आहे का पाहा. नसेल तर ते ताट परत करा, रांग कितीही मोठी असो.

पार्कात नेण्याचा डबा

डिस्ने पार्कात घरचं खाणं नेऊ देतं. काचेची बरणी नको, गरम करावं लागेल असं नको, आणि सुटा बर्फ नको. गार ठेवायला जेलची पाकिटं घ्या. दशम्या, मेथीचे ठेपले, खाकरे, राजगिऱ्याचे लाडू, फुटाणे फ्लोरिडाच्या उकाड्यातही टिकतात. ठेपल्यासोबत दही नको, सुकी चटणी, तीही दाण्याची नाही तर खोबऱ्याची किंवा जवसाची. सासऱ्यांसाठी प्रत्येक लांब रांगेआधी काहीतरी तोंडात टाकायला खिशात असावं, आणि साखर उतरलीच तर ज्यूसचं छोटं पाकीट. पिण्याचं बर्फाचं पाणी काउंटरवर फुकट मिळतं.

ॲलर्जीचा तीव्र झटका आला तर द्यायची लेकीची एपिनेफ्रिनची दोन इंजेक्शनं कायम तिच्यासोबत असलेल्या मोठ्या माणसाच्या कमरेच्या पिशवीत. गाडीत नाही, बाबागाडीखाली नाही, बर्फाच्या पाकिटाला चिकटूनही नाही. अती उष्णता आणि अती थंडी दोन्हींनी औषध बिघडतं. राइड बदलताना कोण कुणासोबत आहे हे बदललं की पिशवीही बदलली पाहिजे. प्रत्येक पार्कात प्रथमोपचार केंद्र आहे, त्याची जागा सकाळीच नकाशावर पाहून ठेवा. इंजेक्शन दिलं तरी ९११ ला फोन करायचाच.

बुकिंगआधी कालनिर्णयही उघडा. संकष्टी मुक्कामात येत असेल तर त्या दिवशी रात्रीचं टेबल राखून उपयोग नाही. चंद्रोदय बहुधा आतषबाजीच्या सुमाराला किंवा त्यानंतर होतो, आणि ऑरलँडोची वेळ भारतातल्यापेक्षा वेगळी, ती स्वतंत्र पाहावी लागते. दिवसभर फळं, राजगिऱ्याचा लाडू, उकडलेला बटाटा. संध्याकाळी निघण्याआधी जिरं-मिरची-खोबरं घालून वरईचे तांदूळ करून ठेवायचे, दाण्याच्या आमटीऐवजी ताकाची कढी. उपास सोडायला वरणभात फ्रिजमध्ये तयार. पार्कातून परतेपर्यंत हॉटेलातली खायची ठिकाणं बंद झालेली असू शकतात.

खोली सकाळी अकराला सोडायची असते. म्हणून आदल्या रात्रीच वाटेतला डबा भरा, कारण जॉर्जियापर्यंत हायवेवरच्या थांब्यांवर अंडं नसलेलं आणि दाणे नसलेलं खाणं शोधत बसण्यापेक्षा दही-भाताचा डबा हाताशी असलेला बरा. तवा आणि कुकर आपले आहेत की हॉटेलचे, हे भांडी आवरतानाच एकदा मोजून घ्या.