घरच्या खोलीत दोन गिटारींचे ध्वनिमुद्रण: माइक कोठे ठेवावेत

दोन अकूस्टिक गिटार एकाच खोलीत एकाच वेळी वाजत असतील, तर मुद्रणाचा दर्जा माइकच्या किमतीपेक्षा वादक कोठे आणि कसे बसतात यावर अधिक अवलंबून असतो. एकेकाचे वादन वेगवेगळे मुद्रित करून नंतर जोडता येते. परंतु एकमेकांकडे पाहत, लय किंचित पुढेमागे करत वाजवण्यात युगलवादनाची जी खरी गोडी असते, ती त्या पद्धतीत हाती लागत नाही. म्हणून दोघांनी एकत्रच वाजवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी खोलीकडे पाहावे. नाशिकच्या गंगापूर रोड किंवा इंदिरानगर परिसरातील फ्लॅटमध्ये प्लॅस्टरच्या सपाट भिंती आणि गुळगुळीत फरशी यांमुळे आवाज घुमतो. फरशीवर सतरंजी अंथरावी आणि प्रत्येक वादकाच्या पाठीमागे जाड गोधडी टांगावी. जुन्या नाशकातील एखाद्या वाड्याची लाकडी माडी वापरायला मिळाली, तर तेथे फारसे काही टांगण्याची गरज पडत नाही. पंखा मात्र बंदच हवा, आणि म्हणूनच नाशिकचा हिवाळा या कामाला फार सोयीचा आहे. उन्हाळ्यात पंखा बंद केल्यावर खोली तापते, तारा सैलावतात आणि सूर उतरतात. अशा वेळी प्रत्येक टेकपूर्वी, म्हणजे प्रत्येक सलग मुद्रणापूर्वी, दोन्ही गिटार एकाच ट्यूनरवर पुन्हा जुळवून घ्याव्यात. नाशिक रोडला रेल्वेमार्गाजवळ राहणाऱ्यांनी स्टँडच्या पायांखाली जाड फोम ठेवावा, कारण गाडीची थरथर जमिनीतून माइकपर्यंत पोहोचते.

या कामासाठी लहान डायफ्रॅमचे (आतल्या पडद्याचे) दोन कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज टिपणारे, कंडेन्सर माइक आणि त्यांना केबलमधूनच ४८ व्होल्टची वीज (फँटम पॉवर) देणारा, माइक संगणकाला जोडणारा दोन इनपुटांचा इंटरफेस पुरेसा आहे. माइक गिटारच्या बाराव्या फ्रेटसमोर (फ्रेट म्हणजे मानेवरील धातूची आडवी पट्टी), सुमारे ३० सेंटिमीटर अंतरावर ठेवून त्याचे तोंड किंचित साउंडहोलच्या (गिटारच्या गोल छिद्राच्या) दिशेने वळवावे. थेट साउंडहोलसमोर ठेवल्यास पोकळीतील हवेच्या अनुनादामुळे साधारण १०० हर्ट्झच्या आसपासचा खर्ज फुगतो, आणि दोन गिटारींचा असा खर्ज एकत्र आला की मुद्रण गढूळ होते.

कार्डिऑइड माइकला पाठीमागून येणारा आवाज सर्वांत कमी ऐकू येतो, या गुणाचा पुरेपूर उपयोग करून घ्यावा. वादकांना शेजारीशेजारी न बसवता, दोन्ही गिटारींमध्ये दीड मीटर अंतर राहील असे समोरासमोर बसवावे. प्रत्येक माइक आपल्या गिटारकडे तोंड आणि दुसऱ्या गिटारकडे पाठ करून उभा राहतो. तो आपल्या गिटारपासून ३० सेंटिमीटरवर, तर दुसरीपासून सुमारे १२० सेंटिमीटरवर असतो. दुसरे अंतर पहिल्याच्या किमान तिप्पट असावे, असा प्रचलित नियम आहे. येथे ते चौपट असल्यामुळे केवळ अंतरानेच दुसऱ्या गिटारचा आवाज सुमारे १२ डेसिबलने उतरतो. हे टाळले, तर काय होते? एकाच गिटारचा आवाज दोन्ही माइकमध्ये थोड्या वेळेच्या फरकाने पोहोचतो आणि दोन्ही ट्रॅक एकत्र केल्यावर काही स्वर एकमेकांना खोडतात. वरील मांडणीत अंतराचा फरक ९० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे २.६ मिलिसेकंद आहे, आणि पहिला खोडणारा स्वर १९० हर्ट्झच्या जवळ, तिसऱ्या मोकळ्या तारेच्या आसपास येतो. दुसऱ्या गिटारच्या आवाजाची ही गळती कमी असली, तर हा परिणाम जाणवण्याइतका उरत नाही.

दोघांचे वादन मुळातच समतोल असेल आणि खोली चांगली वाजत असेल, तर एक्स-वाय जोडी अधिक नैसर्गिक वाटते. दोन्ही माइकची तोंडे एकमेकांजवळ, ९० अंशांच्या कोनात ठेवून जोडी वादकांपासून मीटरभर अंतरावर, दोघांच्या मधोमध उभी करावी. मात्र या मांडणीत वादकांना समोरासमोर न बसवता जोडीकडे तोंड करून शेजारी बसवावे. वेळेचा फरक नसल्यामुळे मोनोमध्ये (दोन्ही ट्रॅक एकत्र करून ऐकताना) स्वर खोडले जात नाहीत. परंतु येथे नंतर एकाचीच पातळी बदलता येत नाही, त्यामुळे जो वादक जोरात वाजवतो त्यालाच थोडे मागे सरकवावे लागते.

पातळी २४ बिटवर सर्वांत जोरदार वादनालाही मीटरच्या कमाल मर्यादेखाली १२ डेसिबलच्या (उणे १२) आसपास राहील अशी ठेवावी. शक्य असल्यास एकाने कॅपो (सर्व तारा दाबून धरणारा चिमटा) पाचव्या फ्रेटवर लावून वरच्या सप्तकात वाजवावे. दोन गिटारी वेगळ्या ऐकू येण्यासाठी या साध्या उपायाइतका उपयुक्त दुसरा उपाय माझ्या माहितीत नाही. पहिला टेक झाल्यावर तो मोनोमध्ये ऐकावा आणि एका ट्रॅकची पोलॅरिटी (ध्वनिलहरीची धन-ऋण दिशा) उलटून पाहावी: ज्या स्थितीत खर्ज अधिक भरीव वाटेल, ती कायम ठेवावी. दोन्ही स्थितींत आवाज पोकळच वाटला, तर इक्वलायझरला हात न लावता माइक दहा सेंटिमीटर सरकवून पुन्हा मुद्रण करावे.